शेवटच्या ओळीपर्यंत शब्द : प्रार्थनास्थळांतील ध्वनी-चित्र यंत्रणेच्या रॅकचे नियोजन

प्रस्तावना

नवविधा भक्तीत श्रवणाला पहिले स्थान आहे, आणि बुलढाणा जिल्ह्याचे धर्मजीवन पाहिले की त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. शेगावात दासगणू महाराजांच्या गजानन विजय ग्रंथाची एकवीस अध्यायांची पारायणे होतात. घाटावर आणि घाटाखाली गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह बसतात. सांज झाली की कित्येक खेड्यांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना म्हटली जाते. विहारात त्रिशरण-पंचशील होते, मशिदीत अजान आणि जुम्म्याचा खुतबा, चर्चमध्ये रविवारची उपासना. रीत कोणतीही असली तरी तिचा प्राण शब्दात असतो, आणि तो शब्द मंडपाच्या शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीला स्पष्ट कळला, तरच ती उपासनेत सहभागी झाली असे म्हणता येते.

गेल्या काही पिढ्यांत बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये यंत्र आले आहे. माईक, मिक्सर, अँप्लिफायर, भोंगे, अलीकडे पडदे, कॅमेरे आणि थेट प्रक्षेपण. या सगळ्यांचे घर म्हणजे रॅक, यंत्रे ओळीने बसवण्याचा लोखंडी सांगाडा. देवस्थानाच्या बांधकामाचा आराखडा होतो, शिल्पकाराशी चर्चा होते, फरशीचा रंग ठरवायला विश्वस्तांची बैठक बसते. रॅक मात्र सगळे झाल्यावर उरलेल्या कोपऱ्यात उभा राहतो. मग पुढची वीस वर्षे माईक शिट्टी मारतो, स्पीकरमधून घरघर येते, उन्हाळ्यात ऐन उत्सवात मशीन बंद पडते आणि दोष त्या दिवशी बसलेल्या सेवेकऱ्यावर जातो. हा विषय गंभीरपणे अभ्यासण्याजोगा आहे, आणि तो आपल्या जिल्ह्यातल्या वास्तू, माती, वीज आणि माणसे समोर ठेवून अभ्यासता येतो, ही या प्रस्तावनेमागची खात्री आहे.

एक सूत्र सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचे सारे विवेचन त्यावर उभे आहे. रॅकच्या नियोजनाचा क्रम असा असावा : आधी उपासनेचे वेळापत्रक, मग वास्तू, मग माती आणि वीज, आणि सर्वांत शेवटी यंत्र. या चारही टप्प्यांवर एकच कसोटी लावावी. मध्यरात्री आवाज बंद पडला आणि जवळ कोणी अभियंता नसला, तर ज्या सेवेकऱ्याच्या हाती त्या वेळी किल्ली असेल त्याला हा रॅक उलगडेल का? बाजारात हा क्रम बरोबर उलटा चालतो. आधी यंत्राची किंमत विचारली जाते, आणि चालवणाऱ्याचा विचार शेवटी येतो किंवा येतच नाही.

रॅक या वस्तूची थोडी ओळख करून घेऊ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील दूरध्वनी केंद्रांत रिले बसवण्यासाठी जे सांगाडे वापरात आले, त्यांच्या समोरच्या पट्टीची रुंदी १९ इंच होती. हे माप रेडिओ केंद्रांनी घेतले, ध्वनिमुद्रण कक्षांनी घेतले, पुढे संगणकांनीही घेतले, आणि आज आयईसी ६०२९७ या आंतरराष्ट्रीय मानकात ते नोंदलेले आहे. उंची ‘यू’ या एककात मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. खेड्यातल्या लहान मंदिराला भिंतीवरचा १२ यूचा रॅक बहुधा पुरतो. मोठ्या संस्थानाला ४२ यूचे उभे कपाट लागते, आणि त्यात यंत्रांसाठी सुमारे १ मीटर ८७ सेंटिमीटर उंची मिळते. माप ठरलेले असल्यामुळे एका कंपनीचा अँप्लिफायर काढून दुसरीचा बसवता येतो. विश्वस्त मंडळे बदलतात, यंत्रे बदलतात, सांगाडा टिकतो. म्हणूनच त्याची जागा आणि त्याची रचना विचारपूर्वक ठरवायची असते.

आता पहिला टप्पा, उपासनेचे वेळापत्रक. हरिनाम सप्ताहाचे उदाहरण घेऊ. पहाटे काकडा, सकाळी पारायण, दुपारी भजन किंवा प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन. विण्याचा पहारा अखंड असतो. यंत्रणेच्या भाषेत याचा अर्थ असा की सात दिवसांत तिला विसावा जवळजवळ नाही, आणि दर काही तासांनी तिचे काम बदलते. पारायणाला एकच संथ आवाज शेकडो वाचकांपर्यंत न्यायचा असतो. हरिपाठात टाळांचा गजर इतका चढतो की मुख्य गायकाचा शब्द त्याखाली दबतो. कीर्तनात कीर्तनकार पुढेमागे चालतो, कधी खाली बसतो, कधी स्पीकरच्या समोर येतो, आणि माईक तिथेच शिट्टी मारतो. मृदंगाला दोन माईक, पेटीला एक, विणेकऱ्याला एक, टाळकऱ्यांसाठी दोन आणि बुवांचा अंगावरचा बिनतारी माईक धरला, तर मिक्सरच्या सात वाटा (चॅनेल) भरतात. सूत्रसंचालन, ध्वनिमुद्रण आणि एखादा राखीव माईक जोडला की बारा वाटांचा मिक्सर खेड्यातल्या सप्ताहालाही अवाजवी ठरत नाही.

मशिदीची गरज निराळी आहे. तिथे वाद्य नसते. एका माणसाचा आवाज असतो, तो उभा राहतो, रुकूत जातो, सजद्यात जातो, आणि प्रत्येक स्थितीत मागच्या सफेपर्यंत पोहोचावा लागतो. विहारात अनेकजण एकत्र म्हणतात, त्यामुळे पुढाकार घेणाऱ्याचा आवाज समूहाच्या किंचित वर राहिला की पुरे. चर्चमध्ये प्रवचन आणि समूहगान एकाच तासात येतात : एकाला कोरडा, स्पष्ट आवाज हवा असतो आणि दुसऱ्याला थोडा घुमणारा. या गरजा कागदावर उतरवल्या, प्रत्येक कार्यक्रमापुढे वेळ, बोलणाऱ्यांची संख्या, वाद्ये आणि ऐकणाऱ्यांची जागा लिहिली, की रॅकमध्ये काय लागणार याची निम्मी यादी यंत्राचे नाव न घेताच तयार होते.

वेळापत्रकातच कायदाही येतो. ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत लाऊडस्पीकर वापरता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या लोकांपुरता वापर हा अपवाद आहे. राज्य शासन सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. सार्वजनिक जागेच्या सीमेवर आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने जास्त किंवा ७५ डेसिबलपर्यंत, यांतले जे कमी असेल तिथपर्यंतच जाऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २००५ च्या निकालात या चौकटीला बळ दिले. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाऊडस्पीकर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे सांगून, आवाजाला मर्यादा घालणारी सोय यंत्रणेतच बसवण्याचा विचार पुढे आणला.

काकडा पहाटे ६ च्या आधी असतो आणि फज्रची अजानही. रात्रीचे कीर्तन १० च्या पुढे जाते. म्हणजे हा प्रश्न कोणा एका धर्माचा नाही, आणि त्याचे चांगले उत्तर रॅकमध्ये आहे. सभामंडपाचे स्पीकर, अंगणाचे स्पीकर आणि शिखरावरचे भोंगे यांच्या वाटा वेगवेगळ्या ठेवाव्यात. घड्याळाला जोडलेला प्रोसेसर रात्री १० वाजता बाहेरच्या वाटा आपोआप बंद करतो, सकाळी ६ ला उघडतो, आणि आतली उपासना न थांबता चालू राहते. लिमिटर, म्हणजे ठरल्यापेक्षा आवाज वाढू न देणारी सोय, एकदा मापून, कुलूपबंद करून ठेवला की उत्साहाच्या भरात कोणी बटण फिरवले तरी सीमेवरचा आवाज मर्यादेतच राहतो. पोलीस पाटलाला, शेजारच्या घरातील आजाऱ्याला आणि दहावीच्या विद्यार्थ्याला विश्वस्तांनी दिलेला शब्द असा यंत्रात उतरवता येतो.

दुसरा टप्पा वास्तू. शेगावचे समाधिस्थान या दृष्टीने फार शिकवणारे आहे. ८ सप्टेंबर १९१० रोजी गजानन महाराजांनी देह ठेवला. त्यांची समाधी भुयारात आहे आणि वर श्रीरामाचे मंदिर. एकाच वास्तूत खाली अरुंद, दगडी, शांत जागा आणि वर मोकळा, वाहता मंडप असला, की दोन्ही ठिकाणी एकच आवाज सोडून चालत नाही. भुयारासारख्या जागेत उच्चारलेला शब्द भिंतींवर आदळून परत येतो आणि पुढच्या शब्दावर चढतो. तिथे लहान स्पीकर, कमी आवाज आणि अधिक संख्या हेच उत्तर असते. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या जुन्या दगडी मंडपात तर कोरीव काम हाच प्राण आहे. अशा संरक्षित स्मारकात १९५८ चा स्मारक-संरक्षण कायदा लागू होतो, आणि २०१० च्या दुरुस्तीनुसार स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित व त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. खांबाला एक खिळा मारणेही तिथे अपराध आहे. परवानगी घेऊन, स्वतःच्या पायावर उभे राहणारे, काम संपताच उचलून नेता येणारे साहित्यच तिथे शोभते. मेहकरचा बालाजी, देऊळगाव राजाचा बालाजी, रोहिणखेडची जुनी मशीद, सैलानी बाबांचा दर्गा, नांदुऱ्याची १०५ फुटी हनुमानमूर्ती : एकाच जिल्ह्यात वास्तूंचे इतके प्रकार आहेत की त्यांचा नुसता ध्वनिशास्त्रीय अभ्यास केला तरी एक ग्रंथ होईल.

आवाजाचा एक साधा नियम या टप्प्यावर फार उपयोगी पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. एक मीटरवर १०० डेसिबल देणारा भोंगा ३२ मीटरवर ७० डेसिबल देतो. म्हणजे मागच्याला ऐकू यावे म्हणून पुढच्याच्या कानठळ्या बसवाव्या लागतात. त्याऐवजी दर आठ-दहा मीटरवर लहान स्पीकर बसवले तर प्रत्येकाला जवळजवळ सारखा आवाज मिळतो आणि हद्दीबाहेर फारसा जात नाही. लांब ओळीतल्या स्पीकरसाठी आपल्याकडे १०० व्होल्टची लाइन रूढ आहे. दहा वॅटचे वीस स्पीकर म्हणजे २०० वॅट; वर वीस-पंचवीस टक्के मोकळीक ठेवून २५० वॅटचा अँप्लिफायर घ्यावा. याच २५० वॅटसाठी १०० व्होल्टच्या तारेतून अडीच अँपिअर प्रवाह जातो, ८ ओहमच्या थेट जोडणीत साडेपाचच्या पुढे. तारेत वाया जाणारी शक्ती प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढते, त्यामुळे पहिल्या रीतीत ती सुमारे एक-पंचमांश उरते.

लांब मंडपात मागच्या स्पीकरला थोडा उशीर लावावा लागतो, नाहीतर विजेच्या वेगाने आलेला मागचा आवाज आधी आणि हवेतून आलेला पुढचा आवाज नंतर ऐकू येतो, आणि शब्द फुटतो. हवेतला आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो : १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. शंभर मीटरच्या अंतरावर हा फरक जवळपास १५ मिलिसेकंद होतो. थंडीतल्या पहाटेच्या काकड्यासाठी लावलेला उशीर मे महिन्यातल्या दुपारी तंतोतंत राहत नाही. म्हणून प्रोसेसरमध्ये हिवाळ्याची आणि उन्हाळ्याची अशा दोन मांडण्या साठवून ठेवाव्यात.

रॅकची जागा ठरवताना तीन प्रश्न पुरतात. दर्शनबारी न ओलांडता सेवेकरी तिथे पोहोचतो का? रॅकच्या पुढे आणि मागे माणूस वाकून काम करील इतकी, निदान पाऊण ते एक मीटर जागा आहे का? आणि तिथे पाणी, तेल, धूर येतो का? गाभाऱ्यालगतच्या खोलीत अभिषेकाचे पाणी व समईची काजळी असते, वजूच्या जागेजवळ ओल असते, भांडारगृहात तेलाचे डबे आणि नारळाची पोती असतात. या तिन्ही जागा सोयीच्या वाटतात आणि तिन्ही टाळाव्यात.

तिसरा टप्पा माती आणि वीज, आणि इथे बुलढाणा जिल्हा अभ्यासकाला विशेष काही देतो. जिल्ह्याच्या उत्तरेला, म्हणजे घाटाखाली, पूर्णेचे खोरे आहे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात खोल काळी माती, आणि त्यातला बराच पट्टा खारपाण. दक्षिणेला, म्हणजे घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगा आणि पठार : बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा, लोणार. तिथे थोड्या मातीखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो. अर्थिंग ही मातीशी केलेली जोडणी असल्यामुळे घाटाखाली आणि घाटावर तिचे प्रश्न अगदी निराळे असतात. खारपाण पट्ट्यात माती वीज सहज घेते, अर्थिंगचे माप सुरुवातीला उत्तम येते. पण तेच क्षार लोखंडी पाइप खातात आणि काही वर्षांत जमिनीखाली जोडणी उरतच नाही. तिथे तांब्याचा जाड मुलामा असलेला दांडा घ्यावा आणि दरवर्षी माप घ्यावे. पठारावर दांडा खोल जातच नाही, खडक वीज घेत नाही. तिथे अनेक दांडे अंतराने पुरून एकमेकांना जोडावे लागतात आणि भोवती बेंटोनाइटसारखी ओल धरणारी माती भरावी लागते. काळ्या मातीला मे महिन्यात भेगा पडतात आणि दांड्याभोवतीची पकड सुटते. म्हणून अर्थिंगचे माप पावसाळ्यात घेऊन समाधान मानू नये. ते कोरड्या मे महिन्यात घ्यावे. भारतीय मानक आयएस ३०४३ या कामाचा आधार आहे, आणि प्रत्येक विश्वस्त मंडळाने आपल्या वायरमनकडून त्यानुसार लेखी अहवाल मागावा.

स्पीकरमधली घरघर बहुतेक वेळा अर्थिंगच्याच गोंधळातून येते. मिक्सर सभामंडपात एका बोर्डावर, अँप्लिफायर खोलीत दुसऱ्या बोर्डावर, आणि दोन अर्थिंगमध्ये थोडा दाबफरक : मग जोडणाऱ्या तारेच्या आवरणातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो आणि तो कानाला ऐकू येतो. काही जण यावर उपाय म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. घरघर थांबते खरी, पण ज्याच्या हातात माईक आहे त्याच्या जिवाचे संरक्षणही तिथेच संपते. असे कधीही करू नये. रॅकशी संबंधित सगळी यंत्रे एकाच ठिकाणाहून वीज आणि एकाच पट्टीवरून अर्थिंग घेतील अशी आखणी करावी, लांबच्या माईकसाठी बॅलन्स्ड तारा वापराव्यात, आणि वीजरोधकाचे अर्थिंगही मुख्य पट्टीशी जोडलेले असावे. कळसाच्या उंचीमुळे वळवाच्या पावसात वीज पडण्याचा धोका मंदिराला इतर घरांपेक्षा अधिक असतो; सर्ज प्रोटेक्शनवर केलेला खर्च पहिल्याच कडाडलेल्या ढगात वसूल होतो.

विजेचे आणखी एक संकट खेड्यांना चांगले ठाऊक आहे : न्यूट्रल तुटणे. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या घरातला दाब यंत्रापर्यंत येऊ शकतो आणि क्षणात सगळे जळते. जास्त दाब येताच पुरवठा तोडणारे उपकरण आणि स्टॅबिलायझर हे रॅकच्या खर्चात पहिल्या ओळीत धरावेत. रोषणाई, मंडपाचे दिवे, पाण्याची मोटार आणि महाप्रसादाच्या स्वयंपाकघरातली यंत्रे वेगळ्या फेजवर ठेवावीत. वीज चालू करताना आधी मिक्सर, शेवटी अँप्लिफायर. बंद करताना उलट. सीक्वेन्सर नावाचे छोटे यंत्र हे काम एका बटणावर करते, आणि स्पीकर फाडणारा तो धडाका कायमचा जातो.

आता चौथा टप्पा, यंत्र. इथे सर्वांत मोठा शत्रू उष्णता आहे. घाटाखालच्या भागात मे महिन्यात पारा ४४ अंशांच्या आसपास जातो, आणि बहुतेक यंत्रे ४० अंशांच्या खोलीसाठी बनवलेली असतात. रॅकने एक किलोवॅट वीज घेतली तर तिचा मोठा भाग शेवटी त्याच खोलीत उष्णता होऊन राहतो : ताशी सुमारे ३,४१२ बीटीयू. एक टनाचा एसी ताशी १२,००० बीटीयू काढतो, म्हणजे अशा खोलीला लहान एसीही पुरतो. पण तो उत्सवात बंद पडला तर दुसरी वाट हवी. थंड हवा खालून पुढच्या बाजूने घ्यावी, गरम हवा वरून मागे सोडावी, रिकाम्या जागा कोऱ्या पट्ट्यांनी झाकाव्यात म्हणजे गरम हवा पुन्हा पुढे येत नाही. यूपीएसच्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांचे आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मे होते, हा हिशोब विश्वस्तांच्या बैठकीत मांडला की एसीचा ठराव लवकर मंजूर होतो.

उष्णतेमागोमाग धूळ येते. खामगाव-मलकापूरच्या पट्ट्यात कापसाचे तंतू हवेत असतात, मंदिरात अबीर, बुक्का, गुलाल, उदबत्ती आणि कापराची काजळी असते. पंख्याने ओढलेली हवा हे सारे अँप्लिफायरच्या पोटात नेते. हवा आत घेण्याच्या जागी धुता येणारी जाळी बसवावी आणि ती दर पंधरवड्याला धुण्याचे काम नावानिशी कोणाकडे तरी द्यावे. तारा येण्याच्या भोकांना ब्रश किंवा केबल ग्लँड बसवावा. उंदीर आणि पाली तिथूनच शिरतात.

चित्राची बाजू आता ध्वनीइतकीच महत्त्वाची झाली आहे. दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या असलेल्या भाविकाला पडद्यावर मुखदर्शन मिळाले तर त्याची घाई कमी होते आणि गर्दीचे व्यवस्थापनही सोपे जाते. नेटवर्कची साधी तांब्याची केबल १०० मीटरपर्यंतच विश्वासाने काम करते. त्यापुढे ऑप्टिकल फायबर घ्यावी. तिच्यातून वीज वाहत नसल्याने एका इमारतीवर पडलेल्या विजेचा धक्का दुसऱ्या इमारतीतल्या रॅकपर्यंत त्या वाटेने येत नाही, हा तिचा आपल्या भागातला मोठा गुण आहे. आणि ध्वनिमुद्रणाची सोय प्रत्येक रॅकमध्ये असावीच. गाडगे महाराजांचे १९५६ साली वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातले अखेरचे कीर्तन मुद्रित झाले, म्हणून तो आवाज आज आपल्यापाशी आहे. खेड्यापाड्यातले किती कीर्तनकार, किती भारूडकार, किती चांगले वाचक आपला आवाज मागे न ठेवता गेले. त्यांच्या संमतीने, तारीख आणि नाव लिहून केलेले मुद्रण ही गावाची संपत्ती आहे.

आता पुन्हा त्या कसोटीकडे येतो, सेवेकऱ्याच्या हाताकडे. शेगाव संस्थानाची शिस्त महाराष्ट्रभर वाखाणली जाते. कर्मयोगी शिवशंकरभाऊ पाटील यांनी अनेक दशके घडवलेल्या त्या कार्यसंस्कृतीत हजारो सेवाधारी आळीपाळीने येतात, ठरलेले काम करतात आणि परत जातात. माणसे बदलूनही काम का बिघडत नाही? कारण काम स्पष्ट आखलेले आहे. रॅकच्या नियोजनाने याच गोष्टीचे अनुकरण करावे. यूपीएस आणि जड अँप्लिफायर खाली, कारण वजन खाली असले की सांगाडा स्थिर राहतो. रोज हात लागणारी यंत्रे छातीच्या उंचीवर. बिनतारी माईकचे रिसीव्हर वर. वीस ते तीस टक्के जागा रिकामी, पुढच्या वाढीसाठी. प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना मराठीत चिठ्ठी : ‘मृदंग डावा’, ‘महिला मंडप’, ‘दर्शनबारी ३’. विजेच्या तारा एका बाजूने, माईकच्या दुसऱ्या बाजूने, आणि जिथे छेद अटळ आहे तिथे काटकोनात. दाराच्या आतल्या बाजूला एक नकाशा आणि पाच ओळींची सूचना : आवाज गेला तर आधी काय पाहावे. शेजारी कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक. आणि एक वही, ज्यात प्रत्येक बिघाड, प्रत्येक दुरुस्ती, बदललेली प्रत्येक तार तारखेसह लिहिली जाते.

मिक्सरवर गुंतागुंतीची शंभर बटणे असतील तर त्यांतली नव्वद कुलूपबंद करता येतात. ‘काकडा’, ‘पारायण’, ‘कीर्तन’, ‘खुतबा’, ‘प्रार्थना’ अशी चार-पाच मांडणी-बटणे सेवेकऱ्यापुढे ठेवली की बारावी शिकलेला मुलगाही आत्मविश्वासाने बसतो. या कामात मुलींना आणि स्त्रियांना आवर्जून बसवावे. महिला मंडपातला आवाज बरोबर आहे की नाही हे तिथे बसणारीलाच नेमके कळते, आणि बहुतेक ठिकाणी सर्वांत वाईट आवाज त्याच मंडपात असतो.

खर्चाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो टाळता येत नाही. देणगीदाराला आपले नाव असलेला मोठा स्पीकर द्यायला आवडते. अर्थिंग, तारा, चिठ्ठ्या आणि जाळ्या यांसाठी देणगी क्वचितच येते. विश्वस्तांनी हे समाजाला समजावून सांगितले पाहिजे. दिसणाऱ्या यंत्राची किंमत ठरवताना त्याला जगवणाऱ्या न दिसणाऱ्या गोष्टींची किंमत त्याच ठरावात, त्याच पावतीपुस्तकावर मांडावी, आणि दरवर्षीच्या देखभालीसाठी वेगळा निधी ठेवावा.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत आहे. विश्वस्त, पुजारी, मौलाना, पास्टर, भंते, वायरमन, मंडपवाले, साऊंडवाले आणि विद्यार्थी, प्रत्येकाच्या ज्ञानाची इथे गरज आहे. शेगावातच १९८३ पासून श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या आणि इतर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांपुढे कामे तयार आहेत : एका फुटलेल्या फुग्याच्या आवाजावरून सभामंडपातला घुमण्याचा काळ मोजणे, घाटावरच्या आणि घाटाखालच्या अर्थिंगची मे आणि ऑगस्टमधली मापे तुलनेने ठेवणे, सप्ताहाच्या सात दिवसांत रॅकच्या आतले तापमान नोंदवणे, मराठी कीर्तनातली कोणती व्यंजने गजरात हरवतात हे ऐकणाऱ्यांकडून तपासणे. यांतले एकेक काम एका विद्यार्थ्याचा प्रकल्प होऊ शकते, आणि त्याचा अहवाल शेजारच्या गावाच्या विश्वस्तांना पुढच्याच उत्सवात वापरता येईल.

सुरुवात मात्र याहूनही सोपी आहे. आपल्या मंदिरातल्या, मशिदीतल्या, विहारातल्या किंवा चर्चमधल्या पुढच्या कार्यक्रमाला यंत्राजवळ न बसता मागच्या ओळीत बसावे, जे शब्द कळले नाहीत ते लिहून काढावेत, आणि तो कागद विश्वस्तांच्या पुढच्या बैठकीत ठेवावा. रॅकच्या नियोजनाचा पहिला आराखडा तोच असेल.